राखण कशाची, ते आधी ठरवायला हवं होतं

गुरुवार हा आमच्या पट्ट्यातला सुट्टीचा वार. भोसरीपासून चाकणपर्यंतचे बरेचसे लहान कारखाने त्या दिवशी बंद असतात. मशीन थांबलेली, ऑफिसात कोणी नाही, म्हणून सर्व्हरची कामं मी गुरुवारीच लावायचो. २०१९ च्या फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी असंच एक काम लावून मी घरी जेवत होतो. शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी क्वालिटी इन्चार्जचा फोन आला.

"सर, पीडीआयआरच्या फोल्डरमध्ये काहीच नाही."

"नेटवर्क गेलं असेल. एकदा रिस्टार्ट करून बघा."

"नेटवर्क आहे सर. ड्रॉइंग दिसतायत, प्रोग्राम दिसतायत. फक्त एक्सेलच्या फाइली नाहीत."

वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात पीडीआयआर म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. माल टेम्पोत भरण्याआधी त्याची मापं तपासून जो अहवाल लिहितात तो. तो सोबत नसेल तर ग्राहकाच्या गेटवर माल उतरवून घेत नाहीत. आमच्या क्वालिटी इन्चार्जनी सहा वर्षं खपून प्रत्येक पार्टसाठी एक्सेलची वेगळी शीट केली होती. माप टाकलं की ते टॉलरन्समध्ये आहे की बाहेर, हे मॅक्रो लगेच रंगाने दाखवायचा. अशा जवळपास चारशे शीट होत्या. त्या सगळ्या गेल्या. कोणत्याही व्हायरसने त्या उडवल्या नव्हत्या. मी बसवलेल्या अँटिव्हायरसने उडवल्या होत्या, आणि तसं करायला मीच त्याला सांगितलं होतं.

ही चूक एका दिवसात झाली नाही. तिची सुरुवात तीन वर्षं आधी झाली होती.

२०१६ मध्ये आम्ही फाइल सर्व्हर आणि ऑफिसातले काही संगणक विंडोजवरून उबुंटूवर आणले. लायसन्सचा खर्च वाचला, जुनी मशीन पुन्हा कामाला लागली आणि शेठ खूश झाले. त्यांनी विचारलं, "अँटिव्हायरस कुठला टाकायचा यावर?" मी ताबडतोब म्हणालो, "शेठ, लिनक्सला व्हायरस लागत नाही." हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलं होतं आणि न तपासता पुढे दिलं होतं.

त्या वाक्यात तथ्य नाही असं नाही. विंडोजसाठी लिहिलेली ईएक्सई फाइल लिनक्सवर आपोआप चालत नाही. साध्या वापरकर्त्याला सिस्टीमच्या फाइलींना हात लावता येत नाही. सॉफ्टवेअर कुठल्याही वेबसाइटवरून न उतरवता वितरकाच्या तपासलेल्या भांडारातून येतं. पण आमच्या कारखान्यात लिनक्स एकटं नव्हतं. आजूबाजूला विंडोज ७ चे सात-आठ संगणक होते आणि जुनं विंडोज असलेली दोन मशीन शॉप फ्लोअरवर होती. सगळे एकाच सर्व्हरवरचं एकच शेअर उघडत होते, आणि ते सगळ्यांना लिहिता येईल असं खुलं मीच ठेवलं होतं.

एका पेन ड्राइव्हमधून शॉर्टकट व्हायरस आत आला. फोल्डर लपतात आणि त्यांच्या जागी शॉर्टकट दिसतात, तो प्रकार. मी विंडोजचे संगणक एकेक करून साफ केले. दोन दिवसांनी तेच पुन्हा. पुन्हा साफ केले, पुन्हा आला. तीन आठवडे मी पेन ड्राइव्ह आणणाऱ्या ऑपरेटरना बोल लावत होतो. व्हायरसच्या फाइली खरं तर सर्व्हरच्या शेअरमध्ये बसल्या होत्या. सर्व्हरला त्यांचा काहीच त्रास नव्हता, पण जो संगणक शेअर उघडेल त्याला तो त्या पुरवत होता. करोनाच्या काळात लक्षणं नसलेला रुग्ण म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. आमचा सर्व्हर तसा होता. ज्या ऑपरेटरना मी बोललो, त्यांची माफी मात्र मी फार उशिरा मागितली.

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा रॅन्समवेअर जगभर पसरला. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या भोकातून तो आत शिरत होता. तो अडवणारा अपडेट मार्चमध्येच आलेला होता, पण असंख्य ठिकाणी तो टाकलेला नव्हता. त्या आठवड्यात मी शेठना अभिमानाने सांगितलं की आपला सर्व्हर लिनक्सवर आहे, काळजी नको. त्यानंतर बाराच दिवसांनी, २४ मे रोजी, सांबामधला मोठा दोष जाहीर झाला. लिनक्सवरून विंडोजला फाइली वाटण्याचं काम सांबा करतो, म्हणजे आमचा सर्व्हर जे काम करत होता नेमकं तेच. २०१० पासूनच्या आवृत्त्यांमध्ये तो दोष होता. ज्या शेअरमध्ये बाहेरच्याला लिहिता येतं, तिथे एक फाइल टाकून सर्व्हरचा ताबा घेता येत होता. दुरुस्ती त्याच दिवशी उपलब्ध झाली. मी ती सप्टेंबरमध्ये टाकली, तीही दुसऱ्याच कामासाठी मशीन उघडलं म्हणून. शिफ्ट चालू असताना मशीन रिस्टार्ट होऊ नये, यासाठी आपोआप होणारे अपडेट मी बंद केले होते. ते चार महिने आम्ही वाचलो ते केवळ नशिबाने.

त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसच्या हल्ल्याने न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. आमच्या पट्ट्यातला निर्यातीचा माल त्याच बंदरातून जातो. ती बातमी वाचूनही मी माझ्या सर्व्हरकडे वळून पाहिलं नाही.

मग ग्राहकाचं ऑडिट आलं. चाकणला मोठे वाहन कारखाने आल्यापासून माहितीच्या सुरक्षेचे प्रश्न लहान पुरवठादारांपर्यंत पोचले आहेत. जर्मन कंपन्यांना माल देणाऱ्यांकडून तर टिसॅक्स मूल्यांकनही मागितलं जातं. आमच्याकडे आलेली यादी साधी होती. त्यात एक ओळ होती, 'सर्व संगणकांवर अँटिव्हायरस आहे का?' सर्व्हरपुढे 'नाही' लिहायची मला लाज वाटली. ऑडिट सोमवारी होतं. शनिवारी संध्याकाळी मी क्लॅमएव्ही बसवला.

क्लॅमएव्ही हा मुक्त स्रोत अँटिव्हायरस आहे. २०१३ पासून तो सिस्को सांभाळते. मेल सर्व्हर आणि फाइल सर्व्हरवर तो जगभर वापरतात. चांगलं साधन आहे. ते हातात घेणारा मी घाईत होतो. कामाची आज्ञा मी कुठूनतरी उचलली आणि तिच्यात दोन पर्याय स्वतःच्या हुशारीने जोडले. पहिला, संशयास्पद फाइल सापडली की काढून टाक. दुसरा, मॅक्रो असलेल्या ऑफिस फाइलींबद्दलही इशारा दे. मेलमधून येणाऱ्या मॅक्रो व्हायरसबद्दल वाचलं होतं, म्हणून दुसरा पर्याय मला सुरक्षेचा वाटला. त्याचा अर्थ 'मॅक्रोमध्ये व्हायरस असेल तर' असा नव्हता. 'मॅक्रो असेल तर' एवढाच होता. दोन्ही पर्याय एकत्र आले आणि आज्ञेचा अर्थ झाला, मॅक्रो असलेली प्रत्येक फाइल पुसून टाक. ऑडिटमध्ये 'होय'पुढे खूण झाली. सर्व्हरची पहिली पूर्ण तपासणी मात्र रेंगाळत गेली आणि मी ती लावली त्या फेब्रुवारीतल्या गुरुवारी.

दुपारी एक वाजता तपासणी सुरू झाली आणि तिने फाइली पुसल्या. रात्री तीन वाजता बॅकअप सुरू झाला. तो मी असा लावला होता की मूळ जागी जी फाइल नाही ती बॅकअपमधूनही काढायची, म्हणजे जागा वाचते. बॅकअपची डिस्क त्याच सर्व्हरच्या डब्यात होती. शुक्रवारी सकाळी फोन आला तेव्हा शीट दोन्हीकडून गेलेल्या होत्या. मी ज्याला बॅकअप म्हणत होतो ती फक्त आरशातली प्रतिमा होती. समोरची वस्तू गेली की तीही जाणारच.

त्या दिवशी तीन टेम्पो भरून उभे राहिले. क्वालिटीच्या दोन मुलांनी हाताने अहवाल लिहिले, जुन्या छापील फायली काढून टॉलरन्स बघून. मी सर्व्हर बंद केला आणि डिस्कवरून पुसलेल्या फाइली शोधणारं फोटोरेक हे साधन चालवलं. त्याने बऱ्याच शीट परत दिल्या, पण नावांशिवाय. एफ अक्षर आणि पुढे आठ-नऊ आकडे, अशा शेकडो फाइली. क्वालिटी इन्चार्ज आणि मी तीन रात्री शेजारी बसलो. मी फाइल उघडायची, त्यांनी मापं बघून पार्ट ओळखायचा आणि सांगायचं, "हा ब्रॅकेट, रिव्हिजन तीन," "हा बुश, पण जुना." साठएक शीट परत मिळाल्याच नाहीत. त्या त्यांनी नव्याने बनवल्या. तीन रात्रींत ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. तिसऱ्या रात्री डबा उघडताना एवढंच म्हणाले, "सर, पुढच्या वेळी काय लावताय ते आम्हाला आधी सांगाल का?" हा प्रश्न मला आजही पुरतो. सर्व्हरवर काय आहे आणि त्यातलं काय मोलाचं आहे हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. राखण कशाची करायची हे ठाऊक नसताना मी राखणदार नेमला होता.

घाबरलेला माणूस दुसऱ्या टोकाला जातो. मी विकतचं उत्पादन घेतलं. कोणतं ते लिहीत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. लिनक्सची कोणती आवृत्ती आणि कोणता कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालतो याची यादी त्यांच्या पुस्तिकेत छापलेली होती. मी वाचली होती ती फक्त किंमत आणि तपासणी संस्थांची चांदण्यांची पट्टी. ते गुणांकन विंडोजवरच्या आवृत्तीचं होतं, हेही माझ्या लक्षात आलं नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये एका ओळखीच्या अभियंत्याने विचारलं, "तुझा अँटिव्हायरस चालू आहे हे तुला कशावरून कळतं?" मी म्हटलं, "लायसन्स चालू आहे." त्याने आयकार फाइलबद्दल सांगितलं. ती अडुसष्ट अक्षरांची साधी मजकुराची ओळ आहे, निरुपद्रवी. पण ती दिसली की व्हायरस सापडल्यासारखं वागायचं, असं अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी आपसात ठरवलेलं आहे. ओळ टाइप करून मी ती शेअरमध्ये ठेवली. काही झालं नाही. उघडली. उघडली गेली. दुसऱ्या संगणकावर नकलून घेतली, तिथल्या विंडोजच्या अँटिव्हायरसने ती क्षणात पकडली. आमचा सर्व्हर मात्र गप्प. नोंदी काढल्या तेव्हा कळलं की मे महिन्यात कर्नल अपडेट झाल्यापासून फाइल उघडताक्षणी तपासणारा भाग सुरूच झालेला नव्हता. सात महिने तो मुका होता. सर्व्हरला ना पडदा ना कोणी समोर बसलेलं. हे कळणार कोणाला?

इथे मी आणखी एक चूक केली, आणि माझ्या मते ही सर्वांत वाईट. अँटिव्हायरस चालावा म्हणून मी सर्व्हर जुन्या कर्नलवर परत नेला आणि कर्नलचे अपडेट गोठवले. २०१६ मध्ये उघड झालेला डर्टी काऊ नावाचा दोष कर्नलमध्ये नऊ वर्षं होता, आणि त्यातून साधा वापरकर्ता सिस्टीमचा मालक होऊ शकत होता. असे दोष अँटिव्हायरस भरून काढत नाही, अपडेट भरून काढतो. राखणदाराला बसायला जागा हवी म्हणून मी भिंत दुरुस्त करायचं थांबवलं होतं.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं. ड्रॉइंग घरून बघता यावीत म्हणून मी राउटरवर एसएसएचचं, म्हणजे बाहेरून सर्व्हरवर लॉगिन करण्याचं, दार उघडलं. 'डिझाइन' नावाचं खातं बनवलं आणि लक्षात राहावा म्हणून पासवर्डही तोच ठेवला. मे अखेरीस कारखाना थोड्या माणसांवर सुरू झाला. डिझाइनचा मुलगा म्हणाला, "सर, ड्रॉइंग उघडायला फार वेळ लागतोय." मी म्हटलं, "घरचं इंटरनेट स्लो असेल." नऊ दिवसांनी आमच्या चाकणच्या युनिटमधूनही तीच तक्रार आली तेव्हा मी भोसरीला जाऊन सर्व्हरसमोर बसलो. पंखा जोरात फिरत होता. एक अनोळखी काम प्रोसेसरची सगळी ताकद खात होतं. कोणीतरी पासवर्ड ओळखून आत आलं होतं आणि आमच्या विजेवर आभासी चलन काढत होतं. विकतच्या अँटिव्हायरसने एक ओळही लिहिली नव्हती. त्याला का दोष द्यावा? आलेला माणूस कुलूप फोडून आला नव्हता, किल्लीने आला होता, आणि किल्ली मी दारावर लटकवली होती.

त्या मुलाच्या तक्रारीकडे मी नऊ दिवस दुर्लक्ष केलं, याची मला जास्त खंत आहे. मार्च २०२४ मध्ये लिनक्सच्या एक्सझेड या छोट्या घटकात मुद्दाम घुसवलेलं चोरदार सापडलं ते कोणत्याही अँटिव्हायरसला नव्हे. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि तो मुळापर्यंत गेला. 'स्लो चाललंय' ही तक्रार म्हणजे इशारा असू शकतो, हे मी आता प्रत्येक नव्या माणसाला सांगतो.

सर्व्हर पूर्ण पुसून नव्याने बांधला. आज तिथे पुन्हा क्लॅमएव्हीच आहे, पण तो कशासाठी आहे हे आता मला माहीत आहे. लिनक्सला वाचवणं हे त्याचं मुख्य काम नाही. आमच्या शेअरमधून शेजारच्या विंडोजला आणि मशीनला व्हायरस जाऊ नये, हे त्याचं काम. संशयित फाइल तो पुसत नाही, वेगळ्या कोठडीत हलवतो आणि मला मेल करतो. लिनक्सचं स्वतःचं रक्षण इतर गोष्टी करतात. सुरक्षेचे अपडेट आपोआप होतात आणि रिस्टार्ट गुरुवारी. एसएसएच बाहेरून बंद आहे, आतून फक्त किल्ली-फाइलवर चालतं. प्रत्येक विभागाला स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहिता येतं. बॅकअपच्या जुन्या आवृत्त्या टिकतात, आणि एक डिस्क आठवड्याला चाकणच्या युनिटमध्ये जाते, नेटवर्कपासून तोडलेली.

तुम्हाला निवड करायची असेल तर मी केले नाहीत ते प्रश्न तुम्ही करा. हे उत्पादन माझ्या लिनक्सच्या आवृत्तीवर आणि कर्नलवर चालतं, असं लेखी आहे का? कर्नल अपडेट झाल्यावर ते किती दिवसांत जुळवून घेतात? फाइल उघडताक्षणी तपासतं की ठरलेल्या वेळीच? बंद पडलं तर मला कोण कळवेल? मशीनमध्ये मेमरी किती आहे? क्लॅमएव्हीच्या ओळखखुणाच एक जीबीहून जास्त जागा घेतात, दोन जीबीच्या जुन्या सर्व्हरवर सकाळची शिफ्ट अडकून बसते. ठरावीक आकारापेक्षा मोठ्या फाइली तो न तपासता सोडतो आणि अहवालात त्यांच्यापुढे 'ओके' येतं, म्हणून कॅडच्या मोठ्या झिप फाइलींसाठी मर्यादा बदलून घ्या. ज्यांच्याकडे माझ्यासारखा पूर्णवेळ माणूस नाही, त्यांनी विकतचं घ्यावं, आणि जवळ सेवा मिळेल असं घ्यावं. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या काटकर बंधूंची क्विक हील पुण्यातलीच आहे, आणि तिच्या सेक्राइट शाखेत लिनक्ससाठीही उत्पादन आहे. कोणाचंही घ्या, पण पैसे देण्याआधी तुमच्याच सर्व्हरवर महिनाभर चालवून बघा.

आपण लहान आहोत, आपल्याकडे कोण येणार, असं म्हणू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि निगडी पोलीस ठाण्यात तक्रार गेली. आमच्या सर्व्हरमध्ये शिरलेला तर आमचं नावही जाणत नव्हता, त्याला फक्त उघडं दार दिसलं. आणि काही घडलंच तर लपवू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. आमच्या वेळी मी कोणालाच कळवलं नव्हतं, तेही चुकलंच.

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मी दोन कामं करतो. शेअरमध्ये ती अडुसष्ट अक्षरांची फाइल ठेवतो आणि मेल येण्याची वाट बघतो. मग बॅकअपमधून पीडीआयआरची एक शीट परत आणतो आणि क्वालिटी इन्चार्जना शुक्रवारी उघडून बघायला सांगतो. दोन्ही मिळून वीस मिनिटं लागतात. येत्या गुरुवारी तुमच्या कारखान्यात एवढं करून बघा.